उडीचे माप: जुना अवघड खेळ नव्या यंत्रावर नेताना

पडद्यावरील आकृतीला एका कठड्यावरून दुसऱ्या कठड्यावर उडी मारायला लावायची, मधल्या खाईत पडू द्यायचे नाही, वाटेतले काटे आणि मिटणारी पाती चुकवायची आणि तिला ठरलेल्या ठिकाणी सुखरूप पोहोचवायचे, एवढ्या मोजक्या नियमांवर जे व्हिडिओ गेम उभे असतात त्यांना प्लॅटफॉर्म गेम म्हणतात. नियम समजायला अर्धा मिनिट पुरतो, परंतु हात बसायला महिने लागू शकतात. आणि ज्या खेळांची कीर्ती त्यांच्या अवघडपणामुळे तीस-पस्तीस वर्षे टिकली, त्यांच्यात आणि निव्वळ छळणाऱ्या खेळांत एक नेमका फरक असतो. चांगल्या अवघड खेळात उडी हुकली, तर चूक आपलीच होती हे खेळाडूला मनोमन पटते, आणि म्हणून तो चिडून उठून न जाता पुन्हा तीच उडी मारून पाहतो. खेळ आणि खेळाडू यांच्यात हा एक अलिखित करार असतो: यंत्र प्रत्येक वेळी सारखेच वागेल आणि सुधारण्याची जबाबदारी खेळाडूची राहील. जुना खेळ नव्या यंत्रावर आणताना चित्रे उजळणे आणि आवाज स्वच्छ करणे ही कामे चटकन नजरेत भरतात. परंतु त्या कामाची खरी कसोटी हा करार अबाधित राखण्यात आहे, असे या प्रकरणाचे प्रतिपादन आहे.

जुना खेळ नव्या यंत्रावर आणण्याच्या चार वाटा आहेत आणि त्यांतील भेद आरंभीच ध्यानात घेणे सोयीचे ठरेल. पहिली वाट एम्युलेटरची, म्हणजे नव्या संगणकाला जुन्या संगणकाचे सोंग वठवायला लावणाऱ्या प्रोग्रामची. तिच्यात खेळाच्या मूळ फायलींना हातही लावला जात नाही. दुसरी वाट पोर्टची, जिच्यात तोच खेळ नव्या यंत्राला समजेल अशा रीतीने पुन्हा जुळवून घेतला जातो. तिसरी रिमास्टरची, तिच्यात खेळाचा सांगाडा जुनाच राहतो, मात्र चित्रे, ध्वनी, पडद्याचा आकार आणि वेग नव्या काळाला साजेसे केले जातात. चौथी वाट रीमेकची, म्हणजे जुना खेळ समोर ठेवून तो पायापासून नव्याने बांधण्याची. प्रत्यक्षात या वाटा एकमेकींत मिसळतात आणि जाहिरातींत ही नावे सैलपणे वापरली जातात, तरी पहिल्या वाटेकडून चौथीकडे जाताना करारभंगाचा धोका पायरी-पायरीने वाढत जातो, एवढे निश्चित.

राजपुत्राची घडण

या विषयासाठी ‘प्रिन्स ऑफ पर्शिया’ या खेळाच्या घराण्याइतके बोलके उदाहरण शोधून सापडणार नाही, कारण त्याचा आरंभ अमेरिकेत झाला असला तरी त्याच्या पुनर्बांधणीचा एक महत्त्वाचा अध्याय पुणे आणि मुंबई येथे लिहिला गेला. जॉर्डन मेकनर या तरुणाने 1985 मध्ये येल विद्यापीठातील शिक्षण संपवल्यावर या खेळाचे काम हाती घेतले आणि ब्रॉडरबंड या कंपनीने तो 1989 मध्ये ॲपल 2 या संगणकासाठी प्रसिद्ध केला. मेकनरने आपल्या धाकट्या भावाला, डेव्हिडला, पांढरे कपडे घालून धावायला, उड्या मारायला आणि कठड्याला लोंबकळायला लावले आणि त्याचे व्हीएचएस कॅमेऱ्याने चित्रण केले. ते चित्रण टीव्हीवर थांबवत थांबवत त्याने एकेका क्षणाची छायाचित्रे काढली, त्यांवर काळ्या शाईने आणि पांढऱ्या रंगाने आकृतीची कड ठळक केली आणि मग ती रूपे संगणकात उतरवली. चित्रित माणसाच्या हालचालीवरून आकृती गिरवण्याच्या या पद्धतीला रोटोस्कोपिंग म्हणतात. तिच्यामुळे पडद्यावरचा राजपुत्र त्या काळच्या इतर खेळांतील बाहुल्यांसारखा टुणटुण न उडता देहाचे वजन असलेल्या माणसासारखा हलू लागला. त्याला धावता धावता थांबायला वेळ लागे, उडीपूर्वी पावले टाकावी लागत आणि उंचावरून पडल्यावर तो गुडघ्यांत वाकून सावरत असे.

या वजनदारपणातूनच खेळाचा अवघडपणा निपजला. कळ दाबल्यावर राजपुत्र तत्काळ हवेत जात नाही. आधी हालचालीचे पाऊल पुरे होते आणि मग उडी लागते, त्यामुळे खेळाडूला कड येण्यापूर्वी, म्हणजे डोळ्यांना उडीची गरज दिसण्याच्या किंचित आधी, निर्णय घ्यावा लागतो. खेळाची प्रत्येक खोली आडवी 10 आणि उभी 3 अशा फरशांच्या जाळीत आखलेली असते, आणि जागच्या जागी मारलेली उडी, धावून मारलेली उडी व जपून टाकलेले पाऊल यांची अंतरे त्या फरशांच्या मापात बसवलेली असतात. बारा स्तर पार करून राजकन्येची सुटका करायला खेळाडूच्या हाती एकूण 60 मिनिटे असतात. अंतर, वेळ आणि देहाची गती या तिन्हींचा असा एकमेकांशी काटेकोर मेळ घातलेला असल्यामुळे त्यांपैकी एकाला धक्का लागला की बाकीची दोनही बिघडतात.

यंत्राच्या मर्यादेतून कलेला आकार कसा येतो, याचे एक उदाहरण याच खेळात जवळून पाहता येते. काम बरेच पुढे गेल्यावर नायकाला एखादा तोलामोलाचा प्रतिस्पर्धी हवा हे मेकनरला जाणवले, परंतु दुसऱ्या माणसाच्या हालचालींची चित्रे साठवण्याइतकी जागा ॲपल 2 च्या स्मृतीत उरली नव्हती. तेव्हा त्याने राजपुत्राचेच चित्र एका बिंदूने सरकवून मूळ चित्रावर ठेवले आणि दोहोंवर ‘एक्सॉर’ ही क्रिया केली. या क्रियेत दोन बिंदू सारखे असतील तर उत्तर शून्य येते आणि वेगळे असतील तर एक येते, त्यामुळे आकृतीचा भरीव भाग विझतो आणि फक्त लकाकणारी कड उरते. अशा रीतीने स्मृतीचा वेगळा भार न वाढवता एक छायापुरुष जन्माला आला. तो आरशातून बाहेर पडतो, राजपुत्राच्या वाटेत विघ्ने आणतो आणि अखेरीस समोर उभा ठाकल्यावर त्याच्यावर केलेला प्रत्येक वार राजपुत्रालाच लागतो. तलवार म्यान केली तरच दोघे एक होतात. जागेच्या टंचाईवर शोधलेला हा तोडगा कथेचा गाभा झाला. नव्या यंत्रावर स्मृतीची टंचाई नाही म्हणून छायापुरुषाला वेगळा चेहरा आणि वेगळी हालचाल दिली, तर तो राजपुत्राचीच छाया आहे ही गोष्ट नाहीशी होईल.

लखनौचा धडा

जुन्या वस्तूचे काय जपायचे आणि काय बदलायचे, हा प्रश्न व्हिडिओ गेम जन्मण्याच्या कितीतरी आधीपासून वास्तू, चित्रे आणि हस्तलिखिते जपणाऱ्यांनी हाताळलेला आहे, आणि भारतात त्या विचाराचे एक प्रमुख केंद्र लखनौ आहे. सांस्कृतिक संपदेच्या संरक्षणासाठीची राष्ट्रीय संशोधन प्रयोगशाळा 1976 मध्ये लखनौ येथे स्थापन झाली आणि धातू, कागद, चित्रे, दगड अशा नाना प्रकारच्या वस्तूंच्या ऱ्हासाची कारणे व त्यांवरील उपाय यांचा अभ्यास तेथे होतो. संरक्षणशास्त्राची जगभर मान्य झालेली सूत्रे तीन आहेत: हस्तक्षेप कमीत कमी असावा, तो शक्यतो पुन्हा काढून टाकता येण्याजोगा असावा, आणि जे केले त्याची लेखी नोंद राहावी.

या सूत्रांचा अर्थ लखनौच्या दोन वास्तूंकडे पाहिल्यास स्पष्ट होतो. 1857 च्या उठावात वेढल्या गेलेल्या रेसिडेन्सीच्या भिंती तोफगोळ्यांच्या खुणांसह, पडक्या अवस्थेतच जतन केलेल्या आहेत. तेथे भग्नता हाच दस्तऐवज आहे आणि तो ‘दुरुस्त’ केला तर इतिहास पुसला जाईल. याउलट नवाब आसफउद्दौला यांनी 1784 मध्ये बांधायला घेतलेला बडा इमामबाडा आजही मोहर्रमच्या मजलिशींसाठी वापरात आहे, त्यामुळे तो केवळ जपून भागत नाही, वेळोवेळी दुरुस्तही करावा लागतो. लखौरी नावाच्या पातळ विटा आणि चुना यांनी बांधलेल्या अशा भिंतीला सिमेंटचा गिलावा दिला तर ती आरंभी मजबूत भासते. परंतु सिमेंट ओल बाहेर पडू देत नाही, आत क्षार साचतात आणि नव्या कठीण थराआडची जुनी मऊ वीटच आधी भुगा होऊन झडते. म्हणून जाणकार दुरुस्ती चुन्यानेच केली जाते. याच इमामबाड्याची प्रसिद्ध भुलभुलैया, म्हणजे तुळयांवाचून उभ्या असलेल्या भव्य दालनाभोवती आणि छतालगत फिरणारे अरुंद जिने व बोळ, छताचा भार हलका करण्याच्या गरजेतून आली असे मानले जाते; ते बोळ पर्यटकांच्या सोयीसाठी सरळ केले तर वास्तूचे गमक हरवेल.

खेळांच्या क्षेत्रात एम्युलेटर हा रेसिडेन्सीचा मार्ग आहे आणि रिमास्टर हा इमामबाड्याचा. पहिल्यात अभ्यासकाला मूळ वस्तू तिच्या सर्व व्यंगांसह मिळते. दुसऱ्यात आजच्या माणसाला ती वापरता येते. दोन्ही मार्ग आवश्यक आहेत, परंतु दुसरा निवडल्यावर नवे साहित्य जुन्याशी मिळतेजुळते असावे ही अट पाळावीच लागते, कारण खेळातील जुने स्तर हे जुन्याच उडीच्या मापाने बांधलेले असतात.

वेळेचे गणित

ही अट मोडते कशी, हे समजण्यासाठी व्हिडिओ गेममधील काळ कसा चालतो ते पाहावे लागते. पडद्यावरील हालचाल म्हणजे एकामागून एक दाखवलेल्या स्थिर चित्रांची, म्हणजे फ्रेम्सची मालिका असते; सेकंदाला 60 फ्रेम असतील तर प्रत्येक फ्रेम सुमारे 16.7 मिलिसेकंद टिकते आणि 30 असतील तर 33.3 मिलिसेकंद. अनेक जुन्या खेळांत काळ मोजण्याचे एककच फ्रेम असे. ‘दर फ्रेमला आकृती इतके बिंदू वर सरकव आणि वेग इतका कमी कर’ अशीच आज्ञा लिहिलेली असे.

समजा, 60 फ्रेमच्या खेळात उडीचा आरंभीचा वेग फ्रेममागे 12 बिंदू आहे आणि गुरुत्वाकर्षणामुळे तो दर फ्रेमला 1 ने घटतो. आकृती 12, 11, 10 असे करत शेवटी 1 बिंदू वर सरकते आणि या सर्वांची बेरीज 78 येते. म्हणजे उडीची उंची 78 बिंदू झाली. आता तोच खेळ 30 फ्रेमवर चालवायचा म्हणून प्रत्येक पायरीचा कालावधी दुप्पट केला, तर आकृती पहिल्या पायरीत 24, मग 20, 16, 12, 8 आणि 4 बिंदू चढते आणि बेरीज 84 होते. गुरुत्वाकर्षण तेच, आरंभीचा वेग तोच, हवेत चढण्याचा वेळही तोच, तरीही उडी 6 बिंदूंनी उंच झाली, कारण काळाचे तुकडे मोठे पडले. 80 बिंदू उंचीचा कठडा पहिल्या खेळात अगम्य आहे आणि दुसऱ्यात सहज गाठता येतो. वेग वाढवून 120 फ्रेमवर नेल्यास हाच फरक उलट दिशेने पडतो आणि मूळ खेळात जेमतेम जमणारी उडी नव्या यंत्रावर कधीच जमत नाही. म्हणून काळजीपूर्वक केलेल्या रिमास्टरमध्ये हालचालीचे गणित मूळच्याच तालावर चालू ठेवतात आणि मधल्या जादा फ्रेम्स केवळ दोन स्थितींमधील अंदाजित चित्रे काढून भरतात; डोळ्यांना ओघ मिळतो आणि उडीचे माप बदलत नाही.

भारतीय वाचकाला या गणिताची एक ऐतिहासिक बाजूही ठाऊक असावी. भारतातील टीव्ही प्रक्षेपण पाल या पद्धतीचे, म्हणजे सेकंदाला 50 स्पंदनांचे होते, तर जपान आणि अमेरिकेत ती 60 होती. त्यामुळे 60 साठी घडवलेले अनेक जुने खेळ 50 च्या यंत्रांवर फेरफार न करता चालवले असता सुमारे सतरा टक्के संथ चालत. एकाच खेळाच्या दोन खंडांतील आठवणी अशा रीतीने भिन्न वेगाच्या असू शकतात, आणि जतन करणाऱ्याला मूळ कोणते मानले हे स्पष्ट नोंदवावे लागते.

अदृश्य देह

दुसरी अडचण आकृतीच्या देहाची आहे. पडद्यावर दिसणारे चित्र आणि यंत्राच्या लेखी असलेला देह या दोन वेगळ्या गोष्टी असतात. टक्कर झाली की नाही हे ठरवण्यासाठी यंत्र आकृतीभोवती एक अदृश्य साधा आकार, बहुधा चौकोनी पेटी, कल्पून घेते. पायाचे चित्र कडेबाहेर गेले तरी पेटीचा तळ कडेवर टेकलेला असेल तोवर आकृती उभी राहते, आणि खेळाडूचा हात नकळत या उदारतेवरच बसलेला असतो.

‘क्रॅश बँडिकूट’ या खेळाचा अनुभव या बाबतीत उद्बोधक आहे. नॉटी डॉग या कंपनीने 1996 मध्ये पहिल्या प्लेस्टेशनसाठी बनवलेला हा खेळ अवघड म्हणूनच ओळखला जाई, आणि तुटक्या फळ्यांच्या झुलत्या पुलांवरील त्याच्या उड्या कुप्रसिद्ध होत्या. व्हिकेरियस व्हिजन्स या स्टुडिओने 2017 मध्ये पहिल्या तीन भागांची एकत्र पुनर्बांधणी प्रसिद्ध केली. तिच्यातील चित्रे सर्वांना आवडली; परंतु सरावलेल्या खेळाडूंना उड्या हुकू लागल्या आणि प्रकाशक ॲक्टिव्हिजननेच पुढे त्यामागील भेद जाहीर केले. तिन्ही खेळांसाठी हालचालीची एकच पद्धत, तिसऱ्या भागाशी मिळतीजुळती अशी, ठेवलेली होती. शिखर गाठल्यावर नायक मूळ खेळापेक्षा लवकर खाली येत होता. आणि टक्करीसाठी औषधाच्या कॅप्सूलसारखा गोल तळाचा आकार वापरलेला होता. गोल तळ कडेवर टेकला की घसरतो, त्यामुळे पूर्वी ज्या काठावर निभावून जाई तेथे आता पाय निसटत असे. नवी पद्धत स्वतःमध्ये सदोष नव्हती, परंतु पहिल्या भागाचे पूल पहिल्या भागाच्या उडीसाठी आखलेले होते. चुन्याच्या भिंतीवर सिमेंट चढवल्यासारखा तो प्रकार झाला. खेळाडूंची तक्रार खेळ अवघड झाल्याची नव्हती; अवघडपणाचे कारण त्यांना दिसत नव्हते, आणि आपण पडलो ते आपल्या चुकीने की यंत्राच्या, ही शंका मनात शिरताच करार ढासळतो.

पडदा आणि विलंब

तिसरी बाब पडद्याची. जुन्या काचेच्या नळीच्या टीव्हीवर येणारा संकेत ओळीओळीने तत्क्षणी उमटत असे. आजचे सपाट पडदे बहुधा पूर्ण फ्रेम साठवून, तिची सफाई करून मग दाखवतात आणि त्यात कित्येक मिलिसेकंद सहज जातात. हा विलंब 50 मिलिसेकंद असेल तर 60 फ्रेमच्या खेळात खेळाडू तीन फ्रेम जुने दृश्य पाहून उडी मारत असतो. टीव्हीतील ‘गेम मोड’ ही सोय हीच सफाई वगळून विलंब घटवते. तरीही उरणाऱ्या विलंबाची भरपाई म्हणून रिमास्टर करणारे कधी कधी कड सोडल्यानंतरही दोन-तीन फ्रेमपर्यंत उडीची कळ ग्राह्य धरतात. वरवर हा फेरफार वाटतो, परंतु मूळ अनुभवाशी इमान राखण्यासाठीच तो केलेला असतो.

चित्राच्या बारकाईचाही असाच प्रश्न आहे. ॲपल 2 च्या पडद्यावर 280 गुणिले 192, म्हणजे 53,760 बिंदू होते; आजच्या सामान्य फुल एचडी पडद्यावर 1,920 गुणिले 1,080, म्हणजे 20,73,600 असतात. जिथे पूर्वी एक ठिपका होता तिथे आता अडतीसहून अधिक ठिपके भरावे लागतात, आणि ते काय दाखवतील हे मूळ खेळात कोठेच लिहिलेले नसते. शिवाय जुना पडदा चारास तीन या प्रमाणाचा होता आणि नवा सोळास नऊ; उंची तीच ठेवली तर रुंदी एक तृतीयांशाने वाढते आणि पुढचा सापळा आधीच दिसू लागतो. ‘प्रिन्स ऑफ पर्शिया’त तर एक पडदा म्हणजे एक पूर्ण खोली असल्यामुळे पुढच्या खोलीत काय आहे हे न दिसणे हाच खेळाचा भाग होता.

पुणे-मुंबईचा प्रयत्न

‘प्रिन्स ऑफ पर्शिया: द सँड्स ऑफ टाइम’ हा त्रिमितीतील खेळ 2003 मध्ये युबिसॉफ्टच्या मॉन्ट्रियल येथील स्टुडिओने मेकनरच्या सहभागाने घडवला. त्याची कथा भारतातील एका महाराजाच्या राजवाड्यावरील स्वारीने सुरू होते, तेथील खजिन्यातून राजपुत्र जादूचा खंजीर उचलतो, आणि पुढे त्याची सोबत करणारी फराह ही त्या महाराजाचीच कन्या असते. या खंजिराने काळ काही सेकंद मागे नेता येतो. उडी हुकून राजपुत्र खाईत कोसळला तरी खेळाडू घटना उलट फिरवून कडेवर परत येऊ शकतो. अवघडपणा न घटवता त्याची शिक्षा सौम्य करणारी ही कल्पना प्लॅटफॉर्म खेळांच्या इतिहासात मोलाची ठरली. तंत्रदृष्ट्या तिच्यासाठी यंत्राला प्रत्येक हलत्या वस्तूची स्थिती सतत नोंदत राहावे लागते आणि मागणी येताच ती नोंद उलट वाचावी लागते. मुख्य स्मृती केवळ 32 मेगाबाइट असलेल्या प्लेस्टेशन 2 वर हे साधणे ही मोठीच कामगिरी होती.

या खेळाचा रीमेक युबिसॉफ्टच्या पुणे आणि मुंबई येथील स्टुडिओंकडे सोपवल्याची घोषणा 10 सप्टेंबर 2020 रोजी झाली. पुण्याचा स्टुडिओ 2008 मध्ये गेमलॉफ्टकडून युबिसॉफ्टकडे आला होता आणि मुंबईचा 2018 मध्ये सुरू झाला. परदेशी स्टुडिओंच्या खेळांना हातभार लावणाऱ्या भारतीय चमूंनी एका जगप्रसिद्ध खेळाची धुरा स्वतः वाहण्याचा हा प्रसंग होता, म्हणून भारतीय खेळाडूंना त्याचे विशेष अप्रूप वाटले. राजपुत्राचा मूळ आवाज देणारे युरी लोवेन्थल पुन्हा आले आणि बांधणीसाठी अ‍ॅनव्हिल हे गेम इंजिन निवडले गेले; चित्रे काढणे, हालचालींचे गणित करणे, ध्वनी वाजवणे अशी सर्व पायाभूत कामे करणाऱ्या तयार सांगाड्याला गेम इंजिन म्हणतात.

या निवडीत एक मार्मिक योगायोग आहे. अ‍ॅनव्हिल हे ‘असॅसिन्स क्रीड’ या 2007 च्या खेळासाठी घडलेले इंजिन, आणि तो खेळ मुळात ‘प्रिन्स ऑफ पर्शिया’चाच पुढचा भाग म्हणून आकारत गेला होता. म्हणजे वंशजाच्या अवजाराने पूर्वजाची पुनर्बांधणी होत होती. परंतु दोहोंची रीत भिन्न आहे: ‘असॅसिन्स क्रीड’मध्ये कळ दाबून धरली की नायक सापडेल तो आधार धरत भिंत चढतो, तर ‘सँड्स ऑफ टाइम’मध्ये भिंतीवरून धावणे, खांबाला झेपावणे आणि तेथून उलट उडी घेणे यांपैकी प्रत्येक कृती खेळाडूला वेळ साधून करावी लागते. कोणतेही इंजिन आपल्या जुन्या सवयी बरोबर घेऊन येते आणि त्या मोडून मूळ खेळाचे माप त्यात बसवणे हे अशा कामातील सर्वांत कष्टाचे आणि बाहेरून सर्वांत कमी दिसणारे काम असते.

जगाने मात्र पहिल्या चित्रफितीतील चेहरे, केस आणि प्रकाश पाहिले, आणि ते 2020 च्या मानाने जुनाट वाटतात अशी टीका केली. जानेवारी 2021 ची तारीख मार्चवर आणि नंतर बेमुदत पुढे गेली. मे 2022 मध्ये हे काम मॉन्ट्रियलकडे हलवले गेले. 2024 मध्ये 2026 हे प्रकाशनाचे साल सांगण्यात आले, आणि जानेवारी 2026 मध्ये कंपनीने पुनर्रचनेच्या वेळी हा प्रकल्पच रद्द केला. या घटनाक्रमावरून भारतीय स्टुडिओंच्या कुवतीविषयी घाईने निष्कर्ष काढणे अन्यायाचे होईल, कारण मूळ खेळाच्या जन्मघरी नेऊनही तो पूर्णत्वास गेला नाही. त्यातून निघणारा बोध व्यापक आहे. रीमेकची तुलना मूळ खेळाशी होत नाही, तर खेळाडूच्या आठवणीतील खेळाशी होते, आणि आठवण दरवर्षी नव्या चित्रांच्या बरोबरीने स्वतःला उजळत असते. त्यामुळे चित्रांच्या शर्यतीत उतरलेला प्रकल्प विलंबाच्या प्रत्येक वर्षी आणखी मागे पडतो. उडीचे माप मात्र जुने होत नाही.

अवघडपणा कोणासाठी

करार जपायचा म्हणजे खेळ मूठभर कसबी खेळाडूंपुरता राखून ठेवायचा, असा अर्थ काढण्याचे कारण नाही. बोटांची हालचाल मंदावलेल्या, दृष्टी अधू असलेल्या किंवा रोज अर्ध्या तासापलीकडे वेळ नसलेल्या माणसालाही जुन्या खेळाचा आनंद घेण्याचा हक्क आहे. याच घराण्यातील ‘द लॉस्ट क्राउन’ या जानेवारी 2024 च्या खेळाने दाखवलेला मार्ग येथे उपयोगी पडतो: अवघड उड्यांचा भाग ओलांडून जाण्याची सोय त्यात वेगळा पर्याय म्हणून दिलेली आहे, आणि ज्याला ती नको त्याच्या उड्यांना धक्का लागत नाही. संरक्षणशास्त्रातील ‘पुन्हा काढून टाकता येणारा हस्तक्षेप’ तो हाच. सवलत मूळ मापात गुपचूप मिसळली तर खेळ सर्वांसाठीच संदिग्ध होतो. ती उघडपणे शेजारी ठेवली तर खेळ सर्वांसाठी खुला होतो.

नोंदीचे महत्त्व

संरक्षणशास्त्राचे तिसरे सूत्र नोंदीचे, आणि खेळांच्या जगात त्याकडेच सर्वाधिक दुर्लक्ष होते. ‘प्रिन्स ऑफ पर्शिया’च्या ॲपल 2 आवृत्तीचा सोर्स कोड, म्हणजे प्रोग्रामरने स्वतः लिहिलेली मूळ आज्ञावली, अनेक वर्षे हरवल्यात जमा होती. 2012 मध्ये मेकनरच्या वडिलांना घरातील कपाटात जुन्या फ्लॉपी सापडल्या. चुंबकीय साठा काळाबरोबर विरत जातो, म्हणून जुन्या यंत्रांच्या जाणकारांनी त्या जपून वाचल्या आणि मेकनरने तो कोड सर्वांसाठी खुला केला. छायापुरुषाची युक्ती किंवा पावलांच्या फ्रेम्सचा हिशेब आज कोणालाही मुळातून तपासता येतो तो यामुळे. कपाट आणखी काही वर्षांनी उघडले असते तर हा हिशेब बहुधा कायमचा गेला असता.

भारतात 1954 च्या कायद्याने प्रकाशित पुस्तकाची प्रत ठरावीक ग्रंथालयांना देणे बंधनकारक आहे, आणि चित्रपटांसाठी 1964 मध्ये पुण्यातच राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय स्थापन झाले. व्हिडिओ गेम त्या कायद्याच्या कक्षेत येत नाहीत. प्रत्यक्षात या कामाला लागणारी तिन्ही कसबे देशात आहेत: वस्तूला कमीत कमी हात लावून ती जगवण्याचे शास्त्र लखनौला आहे, हलत्या चित्रांचा ठेवा सांभाळण्याचा अनेक दशकांचा अनुभव पुण्याला आहे, आणि नवीन यंत्रांवर खेळ बांधणारे हात पुणे-मुंबईत आहेत. भारतीय स्टुडिओंत आज घडणारे खेळही वीस-तीस वर्षांनी जुने होतील आणि कोणीतरी त्यांना नव्या यंत्रावर नेऊ पाहील. त्या वेळी उपयोगी पडेल ती जाहिरातीची चित्रफीत नव्हे; उडीचा वेग, गुरुत्वाकर्षणाचा आकडा, फ्रेमचा ताल, टक्करीच्या पेटीचे माप आणि ही मापे तशी का ठेवली याची कारणे, एवढी चार पानांची नोंद मूळ कोडसह जपलेली असेल, तर पुढच्या पिढीतील खेळाडूला उडी हुकल्यावरही खेळ न्याय्य वाटेल. खेळ संपवून स्टुडिओचे दिवे मालवण्यापूर्वी ही नोंद करून ठेवणे फारसे खर्चाचे नाही, आणि तिची जबाबदारी आजच्याच घडवणाऱ्यांवर आहे.